अभ्यासिकेला मीटर नाही? सौर दिव्यांचा हिशोब आषाढाचा करा, एप्रिलचा नको

अनेक गावांत बुद्धविहाराला विजेचे मीटर आहे, पण विहाराच्या मागे किंवा रस्त्यापलीकडे वेगळ्या बांधलेल्या अभ्यासिकेला नाही. कुठे जागेचा उतारा समितीच्या नावावर नसतो म्हणून अर्ज अडतो, कुठे खांब लांब असतो. लोकवर्गणीतून भिंती उभ्या राहतात, वर पत्रे चढतात, बाबासाहेबांचा फोटो लागतो, कपाटात स्पर्धा परीक्षेची पुस्तके येतात आणि दिवस मावळला की खोलीला कुलूप लागते. आपली मुले दिवसा शाळेत, कॉलेजात नाहीतर कामावर असतात. त्यांच्या अभ्यासाची वेळ रात्रीचीच. बाबासाहेबांनी परळच्या चाळीत रात्री जागून केलेला अभ्यास आपण दर जयंतीला भाषणात सांगतो. मग आपल्याच अभ्यासिकेत रात्री अंधार असेल तर त्या भाषणाचा उपयोग काय?

अशा ठिकाणी दोन वाटा सहज निवडल्या जातात. एक म्हणजे तारेवर आकडा टाकणे. ती वीजचोरी आहे. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पावसात ओल्या भिंतीत करंट उतरला तर जीव जातो तो मुलांचा. दुसरी वाट म्हणजे शेजारच्या घरातून ओढलेली वायर. ती झाडाच्या फांदीवरून, पत्र्याच्या कडेवरून येते, घासून सोलते. शिवाय शेजाऱ्याशी बिनसले की अभ्यासिका अंधारात. या दोन्ही वाटा सोडाव्यात असे आम्हाला वाटते. तिसरी वाट आहे छोट्या सौर संचाची. ती आज अवघड राहिलेली नाही, पण तिचा हिशोब बहुतेक ठिकाणी चुकतो.

हिशोब कुठे चुकतो?

संचाचे लोकार्पण बहुधा १४ एप्रिलला होते. तेव्हा ऊन कडक असते, दिवे लख्ख लागतात. तीन महिन्यांनी आषाढ पौर्णिमा येते, वर्षावास सुरू होतो, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन संध्याकाळी सुरू होते, शाळाही सुरू झालेल्या असतात. म्हणजे उजेडाची गरज सर्वात जास्त असते तेव्हाच आभाळ भरलेले असते. दिवे तासाभरात मंदावतात आणि ‘सोलर काही कामाचे नाही’ असे सगळे म्हणू लागतात. दोष सोलरचा नसतो, एप्रिलच्या उन्हावर काढलेल्या मापाचा असतो. म्हणून आषाढ ते आश्विन हे तीन महिने धरूनच संच घ्यावा.

आधी रात्रीची गरज मोजा

दहा बाय पंधरा फुटांची खोली धरू. सात वॅटचे चार एलईडी दिवे रोज चार तास लागले तर २८ गुणिले ४, म्हणजे ११२ वॅट-तास. मुली रात्री घरी जाताना दाराबाहेर उजेड हवाच. तिथे तीन वॅटचा दिवा सहा तास, म्हणजे १८. एकूण १३०. बॅटरी आणि वायरमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून १६० धरावेत. आपल्या बिलावरचे एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. त्यामानाने ही गरज फार छोटी आहे.

उजेड खोलीभर नको, पुस्तकावर हवा. दिवा छताला न लावता टेबलाच्या वर खाली सोडावा. दिव्याचे पुस्तकापासूनचे अंतर निम्मे झाले की त्याचा थेट उजेड साधारण चौपट होतो. भिंतींना पांढरा चुना दिला की आणखी फायदा. हे दोन्ही केले की जादा दिवे लागत नाहीत.

पॅनेल किती वॅटचे?

उन्हाळ्यात दिवसाला साधारण पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा मिळते. धूळ, उष्णता वगैरेंची घट धरून त्यातली पाऊण हाती येते. ५० वॅटचे पॅनेल एप्रिलमध्ये सुमारे १८७ वॅट-तास देते; काम भागते. ढगाळ दिवशी दोनच तासांचे ऊन धरले, तर तेच पॅनेल ७५ वर येते, म्हणजे गरजेच्या निम्मेही नाही. १२५ वॅटचे पॅनेल त्याच ढगाळ दिवशी १८७ देते. म्हणून पॅनेल १२५ वॅटचे घ्यावे. कोकणात आणि घाटमाथ्यावर त्याहून मोठे.

पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि तिरपेपणा सुमारे २० अंश ठेवावा. आपल्याकडे मुंबई १९ आणि नागपूर २१ अक्षांशावर आहे, त्यावरून हे माप येते. सर्वात महत्त्वाची गोष्ट सावली. विहाराच्या आवारात बहुधा पिंपळ असतो, ध्वजाचा खांब असतो. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात. त्यामुळे काही सेलवर जरी सावली पडली तरी पॅनेलची बरीच वीज घटते. सकाळी नऊ ते दुपारी तीन सावली कुठे सरकते ते एक दिवस पाहून मगच जागा ठरवावी. चोरी टाळण्यासाठी सहज न उघडणारे नट लावावेत.

बॅटरी आणि मोमबत्ती

सलग तीन दिवस ऊन पडले नाही तरी दिवे लागले पाहिजेत. १६० गुणिले ३, म्हणजे ४८० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली की तिचे आयुष्य घटते, म्हणून १२ व्होल्ट ८० ॲम्पिअर-अवरची सोलर बॅटरी लागते. लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते; तिथे ५० ॲम्पिअर-अवर पुरते. ती महाग, पण जास्त वर्षे टिकते आणि तिला पाणी घालावे लागत नाही. जुन्या गाडीची बॅटरी कोणी दान दिली तरी या कामाला वापरू नये. ती क्षणभर मोठा करंट देऊन गाडी सुरू करण्यासाठी बनलेली असते, रोज उतरून चढण्यासाठी नाही.

लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. ठिणगीने तो पेट घेतो. त्यामुळे बॅटरी हवेशीर जागी ठेवावी आणि तिच्याजवळ मोमबत्ती, अगरबत्ती कधीही लावू नये. वंदनेचे टेबल एका बाजूला, बॅटरी दुसऱ्या बाजूला, हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

कंट्रोलर, वायर, फ्यूज

पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर लागतो. बॅटरी जादा चार्ज होऊ नये आणि पूर्ण उतरू नये हे तो पाहतो. वरच्या संचाला १० ॲम्पिअरचा साधा कंट्रोलर चालतो, मात्र पॅनेल ३६ सेलचे, १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीचे असावे, आणि बॅटरी कोणत्या प्रकारची आहे ते कंट्रोलरमध्ये सेट करावे. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी.

फक्त दिव्यांसाठी इन्व्हर्टर नको, १२ व्होल्टचे डीसी दिवे घ्यावेत. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी वीज खातो. सहा वॅट धरले तरी २४ तासांत १४४ वॅट-तास जातात, म्हणजे सगळ्या दिव्यांच्या वर!

कमी व्होल्टेजमध्ये करंट जास्त असतो, म्हणून बारीक वायर चालत नाही. १५ मीटर लांब एक चौरस मिलिमीटरच्या वायरमधून हे चार दिवे चालवले तर सव्वा व्होल्ट वायरमध्येच जातो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली की घट अर्ध्या व्होल्टवर येते. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच फ्यूज हवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे, पण शॉर्ट झाल्यावर बॅटरीतून शेकडो ॲम्पिअर करंट वाहू शकतो आणि वायर पेटते.

संच सांभाळणार कोण?

संच बंद पडण्याची मुख्य कारणे तीन: धूळ, बॅटरीतले संपलेले पाणी आणि मोबाइल चार्जिंग. एका मोबाइलला सुमारे २० वॅट-तास लागतात. पाच मोबाइल लावले की १०० गेले आणि रात्री पुस्तकावर अंधार. मोबाइल चार्जिंग द्यायचेच असेल तर ते आधीच हिशोबात धरून संच मोठा घ्यावा. नाहीतर स्पष्ट नकार द्यावा. तो नकार अध्यक्षांच्या मोबाइललाही लागू असावा.

पौर्णिमेला आपण विहारात जमतोच. त्याच दिवशी पॅनेल पुसणे, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर पाहणे, जोडण्या घट्ट करणे ही कामे ठरवून टाकावीत आणि ती दोन उपासक-उपासिकांच्या नावाने वहीत लिहावीत. बॅटरी कधीतरी बदलावी लागणारच. ती चार वर्षे टिकेल असे धरून किमतीला ४८ ने भागावे आणि तेवढी रक्कम दरमहा दानातून बाजूला ठेवावी. उद्घाटनाला वर्गणी मिळते, चौथ्या वर्षी बॅटरीला मिळत नाही, हा सगळ्यांचा अनुभव आहे.

मीटरचा हक्क सोडू नका

सौर दिवे लागले म्हणून वीजजोडणीचा अर्ज मागे घेऊ नये. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये जागेचा मालक किंवा ताबा असलेल्या व्यक्तीने अर्ज केल्यास वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य ठरवले आहे. परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून त्याची साधारण मुदत एक महिना आहे. नवी लाइन टाकावी लागत असेल तर ती वाढते. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी मात्र वीजजोडणी असलेल्या घरांसाठी आहे. मीटर नसलेल्या अभ्यासिकेला ती मिळवून देतो असे कोणी सांगितले तर पैसे देऊ नयेत.

पुढच्या जयंतीच्या बैठकीत मंडप, डीजे आणि रोषणाईचा खर्च ठरेल. त्याच बैठकीत १२५ वॅटचे पॅनेल, एक बॅटरी आणि पाच दिवे यांचे कोटेशन टेबलावर ठेवा. जयंतीची रोषणाई चार दिवसांची असते. अभ्यासिकेतला दिवा आषाढातही लागला पाहिजे.

जयभीम, नमो बुद्धाय!