ठेवावे काय, टाकावे काय?

२०२३ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २९ तारखेस जपानमधील टोयोटा कंपनीचे मोटारी बांधणारे १४ कारखाने बंद पडले. भूकंप झाला नव्हता की संप पुकारला गेला नव्हता. सुट्या भागांच्या मागण्या हाताळणारे काही संगणक थांबले, एवढेच निमित्त. पुढे कंपनीने कारण जाहीर केले. २७ तारखेस या संगणकांची नेहमीची देखभाल चालू होती. साठलेली माहिती काढून टाकून उरलेली नीट लावली जात होती. हे आवरण्याचे काम चालू असतानाच डिस्कवरची जागा अपुरी पडली. अडीअडचणीसाठी राखलेली दुसरी यंत्रणा त्याच व्यवस्थेवर चालत असल्यामुळे तीही तशीच अडली. आवरावयालासुद्धा थोडी मोकळी जागा लागते, हा साधा धडा त्या दिवशी फार महाग पडला.

जागेची ही अडचण जेथे रोजची आहे असे एक ठिकाण म्हणजे सॉफ्टवेअर बांधणारा संगणक. प्रोग्रॅमर जे लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. त्याचे यंत्राला कळेल असे रूपांतर करावयाचे, इतरांनी लिहिलेल्या तयार भागांची, म्हणजे लायब्ररींची, त्याला जोड द्यावयाची, चाचण्या घ्यावयाच्या आणि शेवटी ग्राहकाच्या हाती देण्याजोगा संच सिद्ध करावयाचा, या सर्व खटाटोपास बिल्ड असे नाव आहे. जेथे अनेक जण मिळून लिहितात तेथे हे काम एका स्वतंत्र संगणकाकडे सोपविलेले असते. तो बिल्ड सर्व्हर. कोणी एक ओळ बदलली तरी तो नवे बिल्ड करून पाहतो आणि कोठे बिघडले ते सांगतो.

या कामासाठी अनेक देशांत वापरली जाणारी एक आज्ञावली म्हणजे जेन्किन्स. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत असताना ती हडसन या नावाने लिहिली. २०११ साली तिला आजचे नाव मिळाले. तिचे बोधचिन्ह म्हणजे गळ्याला बो लावलेला एक बटलर. चिन्ह मोठे समर्पक आहे. जुन्या घरातील इमानी गड्याप्रमाणे हा सेवक सांगितलेले काम बिनबोभाट करतो, आणि टाक म्हटल्यावाचून एक चिठोरेही टाकीत नाही. समजा, एका बिल्डमागे ५०० मेगाबाइट उरले आणि दिवसाकाठी ४० बिल्ड झाले, तर रोजचे २० गिगाबाइट होतात. १,००० गिगाबाइटची अफाट वाटणारी डिस्क ५० दिवसांत काठोकाठ भरते. मग बिल्ड मध्येच मोडते, अर्धवट लिहिलेल्या फाइली मागे राहतात, आणि बिचारा प्रोग्रॅमर नसलेली चूक आपल्या कोडमध्ये शोधीत बसतो.

अशा घाईच्या वेळी जो तो सर्वांत मोठी फाइल शोधून ती पुसू पाहतो. धोका आहे तो येथेच. विकलेले सॉफ्टवेअर ग्राहकाच्या संगणकावर कोसळले की तेथून पुष्कळदा केवळ आकड्यांचा अहवाल येतो. तो कोणत्या ओळीशी जुळतो हे सांगणाऱ्या फाइलींना डीबग सिंबल म्हणतात. त्या आकाराने अवाढव्य असतात, ग्राहकाला त्यांचा उपयोग नसतो, आणि म्हणूनच त्या अडगळीसारख्या दिसतात. परंतु त्या नेमक्या त्याच बिल्डच्या असाव्या लागतात. त्या गेल्या की अहवाल हाती असूनही वाचता येत नाही. रद्दी समजून घराचे खरेदीखत विकावे, त्यातलाच हा प्रकार होय.

तेव्हा फाइल केवढी आहे, यापेक्षा ती पुन्हा करता येईल काय, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. बिल्ड करताना निर्माण झालेल्या मधल्या फाइली निःशंकपणे पुसाव्या. सोर्स कोड असेल तर त्या पुन्हा होतात. बाहेरून आणलेल्या लायब्ररींचा साठाही पुन्हा आणता येतो, असे सहसा मानले जाते. येथे मात्र सावध राहावे. २०१६ सालच्या मार्च महिन्यात लेफ्ट-पॅड नावाची अवघ्या ११ ओळींची एक लायब्ररी तिच्या लेखकाने सार्वजनिक भांडारातून काढून घेतली, आणि तिच्यावर विसंबलेली असंख्य बिल्डे एकाएकी मोडू लागली. काही तासांतच ती परत ठेवण्यात आली, हे खरे. पण दुसऱ्याच्या कोठारावर आपला हक्क नसतो, हे त्यावरून दिसून आले. तयार संचाचेही तसेच आहे. तोच सोर्स कोड तीन वर्षांनी पुन्हा बांधला, तर रूपांतर करणारी आज्ञावली आणि लायब्ररी यांच्या आवृत्त्या बदललेल्या असतात. निघालेला संच हुबेहूब पूर्वीचाच असेल अशी खात्री देता येत नाही. म्हणून जे ग्राहकाच्या हाती गेले, ते त्याच्या सिंबलांसह जपलेच पाहिजे.

हा निवाडा डिस्क भरण्यापूर्वी, शांतपणे करून ठेवावयाचा असतो. जेन्किन्समध्ये तशी सोय आहे. अमुक इतकी बिल्डे किंवा अमुक इतके दिवस जपावे, त्यापलीकडील टाकावे, असा नियम प्रत्येक कामाला लावता येतो. नोंदी अधिक काळ आणि अवजड संच कमी काळ, असा भेदही करता येतो. एखादे बिल्ड कायमचे राखावे अशी खूणही करता येते. अशी राखलेली बिल्डे दुसऱ्या यंत्रावर हलवावी हे अधिक बरे, कारण कारखाना आणि दप्तरखाना एका छपराखाली असू नये. मोकळी जागा सुमारे १ गिगाबाइट उरली की जेन्किन्स आपण होऊन त्या यंत्राला काम देणे थांबवितो. पण मोठ्या बिल्डाला ही मर्यादा तोकडी पडते, ती वाढवून घ्यावी.

तरीही दोन चकवे उरतात. लिनक्सवर एखादी फाइल पुसली, पण कोणती तरी आज्ञावली ती उघडून बसलेली असली, तर तिने ती सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. दुसरे असे की, तेथील नेहमीच्या ईएक्सटी४ या रचनेत किती फाइली मावतील हा आकडा डिस्क सिद्ध करतानाच ठरलेला असतो. लक्षावधी चिमुकल्या फाइली साठल्या की जागा शिल्लक असूनही जागा नाही असेच उत्तर येते.

डिस्क स्वस्त झाली आहे, आणखी एक घ्यावी, असे सांगणारेही भेटतात. वरच्या हिशेबात डिस्क दुप्पट केली तर ५० दिवसांचे १०० होतील, एवढेच. काय राखावयाचे आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे एका पानावर लिहून त्या पानाखाली एका जबाबदार माणसाचे नाव घालणे, हा उपाय त्याहून स्वस्त आहे.