हळदीची पट्टी आणि पडद्यावरचे रकाने

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात बीट (लिलाव) झालं, काटा (वजन) झाला की शेतकऱ्याची पट्टी तयार होते. माल कांडी की गट्टू, वजन किती, दर काय, हमाली-तोलाई वजा जाऊन हातात किती. अशी पट्टी करणारा छोटा डेस्कटॉप प्रोग्राम सी शार्प आणि विंडोज फॉर्म्समध्ये सहज लिहिता येतो. खरी कसोटी आहे ती आकडा कुठे राहतो हे ठरवण्यात.

नवखा प्रोग्रामर बटण दाबलं की प्रत्येक टेक्स्टबॉक्समधला मजकूर उचलतो, त्याचा आकडा करतो, गुणाकार करून उत्तर दुसऱ्या रकान्यात टाकतो. तोच आकडा पडद्यावर, व्हेरिएबलमध्ये आणि छपाईच्या कोडमध्ये असा तीन ठिकाणी राहतो. दर दुरुस्त केला आणि एक जागा राहून गेली की पडद्यावर एक रक्कम दिसते आणि कागदावर दुसरी छापून येते. वर्षभराच्या पिकाचा हिशोब आहे हा. तिथे असं चालणार नाही.

यावर उपाय म्हणजे डेटा बाइंडिंग, म्हणजे पडद्यावरचा रकाना थेट ऑब्जेक्टला जोडणं. त्यात आधी ‘पट्टी’ हा क्लास लिहायचा. वजन, दर आणि कपात या त्याच्या प्रॉपर्टी. रक्कम मात्र साठवायची नाही, मागितली की काढून द्यायची. मग टेक्स्टबॉक्सच्या ‘टेक्स्ट’ला ‘वजन’ जोडायचं, लेबलला ‘रक्कम’. मध्ये बाइंडिंगसोर्स ठेवावा. तो २००५ च्या डॉटनेट २.० पासून आहे. फॉर्मवर वर पट्ट्यांच्या यादीची ग्रिड आणि खाली एका पट्टीचे रकाने ठेवून दोन्ही एकाच बाइंडिंगसोर्सला जोडले की ग्रिडमध्ये ज्या पट्टीवर क्लिक कराल ती खाली उघडते. त्यासाठी वेगळा कोड लागत नाही.

टाइप केलेलं ऑब्जेक्टमध्ये पोचतं, पण उलट दिशेची वाट आपणच मोकळी करावी लागते. समजा, कपात शून्य धरून १२.४० क्विंटलला १३,५०० चा दर भरला. रक्कम १,६७,४०० झाली. नंतर कोडनेच दर १३,५५० केला. ऑब्जेक्टमध्ये आता १,६८,०२० आहेत, पण पडद्याला ते कुणी सांगितलेलंच नाही. म्हणून क्लासने ‘आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड’ हा इंटरफेस पाळावा आणि दर बदलताच दराबरोबर रक्कमही बदलल्याचं कळवावं. पट्ट्यांची यादीही साध्या लिस्टमध्ये न ठेवता बाइंडिंगलिस्टमध्ये ठेवावी, नाहीतर नवी पट्टी जोडल्याचं ग्रिडला कळत नाही.

सगळ्यात जास्त छळणारी चूक सेव्हच्या वेळची. रकान्यातला आकडा ऑब्जेक्टमध्ये जातो तो कर्सर रकान्याबाहेर पडताना. मूळ सेटिंगच तशी आहे. टूलबारवरचं सेव्ह बटण दाबलं तर कर्सर जागचा हलत नाही. शेवटचा टाइप केलेला दर डोळ्यांसमोर असतो, सेव्ह मात्र जुनाच होतो. सेव्हच्या कोडमध्ये पहिल्या दोन ओळी फॉर्मच्या ‘व्हॅलिडेट’च्या आणि बाइंडिंगसोर्सच्या ‘एंडएडिट’च्या हव्यात. दर बदलताना रक्कमही लगोलग हलावी असं वाटत असेल तर अपडेट मोड ‘ऑनप्रॉपर्टीचेंज्ड’ करता येतो. पण मग अर्धवट टाइप झालेला आकडाही ऑब्जेक्टमध्ये शिरायला लागतो. वजन आणि दरासाठी मला मूळ सेटिंगच बरी वाटते.

आपल्याकडची एक अडचण इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही. मराठी कीबोर्डवरून कुणी देवनागरीत ‘१२.४०’ लिहिलं तर डॉटनेटचं आकड्यात रूपांतर करणारं फंक्शन ते ओळखत नाही. बाइंडिंगचं फॉरमॅटिंग चालू असेल तर कर्सर रकान्यातच अडकून बसतो, बंद असेल तर मुकाट जुना आकडा परत येतो. बाइंडिंगच्या ‘पार्स’ इव्हेंटमध्ये एकेक देवनागरी अंक पाहावा, त्याच्या युनिकोड क्रमांकातून देवनागरी शून्याचा क्रमांक वजा करावा, उरतो तो खरा अंक. सगळे अंक असे बदलून झाले की तिथेच डेसिमल तयार करून ऑब्जेक्टला द्यावा. पैशासाठी डबल वापरू नये, त्यात दशांश नेमके बसत नाहीत.