मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख

मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख (आय.बी.टी.) हा महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत इयत्ता आठवी ते दहावीसाठी राबविला जाणारा पूर्वव्यावसायिक अभ्यासक्रम आहे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमाने तो विकसित केला. शाळा, गावातील प्रत्यक्ष कामे आणि ती कामे करणारे कारागीर यांना एकत्र आणणे हे त्याचे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी

शिक्षण हाताच्या कामातून व्हावे, हा विचार भारतात नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणात कार्यानुभवाचा समावेश सुचविला. मात्र अनेक शाळांत कार्यानुभव हा शोभेच्या वस्तू बनविण्यापुरता उरला.

डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग (१९२८–२००३) यांनी हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनकार्य सोडून १९८३ साली पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम सुरू केला. तो पुण्यातील भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून काम करू लागला. शाळेपासून दुरावलेल्या मुलांनाही काम करता करता विज्ञान शिकता येते, अशी डॉ. कलबाग यांची धारणा होती. आश्रमातील निवासी अभ्यासक्रमासोबतच हीच पद्धत नेहमीच्या शाळांत नेण्यासाठी आय.बी.टी.ची मांडणी झाली.

स्वरूप

विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामासाठी देतात. अभ्यासक्रमाचे चार विभाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य. वेल्डिंग, सुतारकाम, घरातील वीजजोडणी, मातीपरीक्षण, रोपवाटिका, रक्तगट तपासणी यांसारखी कामे त्यांत येतात. सर्व विद्यार्थी चारही विभागांतून जातात. त्यामुळे वेल्डिंग मुलांचे आणि स्वयंपाक मुलींचा, अशी विभागणी राहत नाही.

प्रत्येक कामाचे मोजमाप, रेखाटन व खर्चाचा हिशेब विद्यार्थ्यांनी करणे अपेक्षित असते. शोषखड्ड्याचे उदाहरण घेता येईल. एक मीटर लांब, रुंद व खोल खड्ड्याचे घनफळ एक घनमीटर असते, हे गणिताच्या पुस्तकात कळते. उकरलेली माती सैल होऊन त्याहून अधिक जागा व्यापते, हे खड्डा खणताना कळते.

स्थानिक व्यवसायांशी संबंध

निदेशक म्हणून शक्यतो परिसरातील कुशल व्यक्तींची निवड केली जाते. शिकलेले कौशल्य विद्यार्थी शाळेसाठी व गावासाठी वापरतात. मागणीनुसार केलेल्या कामाचे मूल्य घेतले जाते व त्यातून साहित्याच्या खर्चास हातभार लागतो. ग्राहक खरा असल्याने माप चुकले तर काम पुन्हा करावे लागते. ही जबाबदारी केवळ प्रात्यक्षिक परीक्षेतून येत नाही. अभ्यासक्रमाचा प्रसार इतर जिल्ह्यांतील शाळांत होण्यास लेंड-अ-हँड इंडिया या संस्थेचे साहाय्य झाले.

कारखाने व कायदा

शिरूर तालुक्यातूनच जाणाऱ्या पुणे–अहिल्यानगर महामार्गालगत सणसवाडी, शिक्रापूर व रांजणगाव येथे कारखाने उभे राहिले आहेत. कारखान्याशी विद्यार्थ्यांचा संबंध जोडताना मात्र शिक्षण आणि श्रम यांतील सीमा पाळावी लागते. बालकामगारविषयक कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही आणि १४ ते १८ वयोगटास धोकादायक कामांत मनाई आहे. म्हणून या वयात कारखाना-भेट, निरीक्षण व कामगारांशी संवाद हेच योग्य मार्ग ठरतात. नियमित शिकाऊ उमेदवारी शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार पुढील टप्प्यावर येते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा दप्तरमुक्त कालावधी सुचविला असून त्यात सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकणे अभिप्रेत आहे. आय.बी.टी.मध्ये हा अनुभव वर्षभर, दर आठवड्याला मिळतो.

मर्यादा

या पद्धतीस साधनसामग्री, कच्चा माल, कार्यशाळेची जागा व सुरक्षिततेची व्यवस्था लागते. कुशल निदेशकास पुरेसे व नियमित मानधन न मिळाल्यास तो स्वतःच्या व्यवसायाकडे परततो. निदेशक नसेल, तर हत्यारे कपाटात राहतात आणि विषय पुन्हा वहीपुरता उरतो.