पहिल्या बादलीचा रंग

मॅंगनीजामुळे काळवंडणाऱ्या पाण्याविषयी या आठवड्यात लिहिण्याचे वचन दिले होते. परंतु चिंचवडच्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न इतका मार्मिक आहे, की मॅंगनीजास आठवडाभर थांबविणेच मला उचित वाटते. त्या विचारतात, की ज्या दिवशी पाणी येते त्या दिवशी पहिली बादली कधी दुधासारखी पांढरी तर कधी तांबूस का निघते, आणि अर्ध्या तासाने त्याच नळाला निर्मळ पाणी कसे येते?

अशा वेळी बहुतेकांचा संशय पवना नदीवर जातो. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तेथून उपसून ते निगडीच्या सेक्टर 23 मधील केंद्रात नेले जाते, आणि तेथे तुरटीसारख्या द्रव्याने गाळाचे कण एकत्र करून, तळाशी बसवून, वाळूच्या थरांतून गाळून त्यास क्लोरीन दिले जाते. पावसाळ्यात मावळातून गाळ वाहून आला आणि तो या संस्कारांतून निसटला, तर गढूळपणा पाणी असेतो टिकेल व निगडीचे पाणी पिणाऱ्या अनेक वस्त्यांत एकदमच दिसेल. जो दोष पहिल्या बादलीपुरता असतो त्याचा उगम बहुधा नदीत नसून घरापर्यंत येणाऱ्या नळवाहिनीत असतो. नोव्हेंबर 2019 पासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले, आणि मधल्या अवधीत रिकाम्या होणाऱ्या वाहिन्यांत जे घडते तेच त्या बादलीत उतरते.

प्रथम पांढरे पाणी घेऊ. रिकाम्या वाहिनीत शिरलेली हवा, पाणी सुटताच, दाबाखाली त्यात मिसळते व काही अंशी विरघळते. नळाच्या तोंडाशी तो दाब नाहीसा झाला, की तीच हवा अतिसूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. काचेच्या पेल्यात हे पाणी धरून पाहावे: बुडबुडे वर चढत असल्यामुळे ते बुडापासून वर निवळत जाते. याउलट पांढुरकेपणा गाळाचा असेल, तर कण खाली बसू लागून पाणी वरून खाली निवळते. हवेमुळे आलेला पांढरेपणा स्वतः अपायकारक नसतो.

तांबूस पाण्याचे कारण लोखंडाचा गंज. ओल आणि हवा एकत्र लाभली, की जुन्या लोखंडी नळाचा अंतर्भाग गंजतो, आणि नव्याने सुटलेल्या पाण्याचा पहिला लोट सुटा गंज ओढून आणतो. तळेगाव-चाकण पट्ट्यात जेथे विंधन विहिरीचे किंवा टँकरचे पाणी घेतले जाते, तेथे मात्र निराळा प्रकार संभवतो: भरताना पाणी नितळ असते, आणि उघड्या भांड्यात काही काळ राहिल्यावर पिवळट-तांबूस होते. तेथे भूजलात विरघळलेले लोह हवेतील प्राणवायूच्या संयोगाने अविद्राव्य होऊन दृश्य होत असते. पहिल्या प्रकारात नळ बदलावा लागतो. दुसऱ्यात नळ बदलून काहीही साधत नाही.

परंतु मला खरी चिंता वाटते ती रंग नसलेल्या पाण्याची. रिकाम्या वाहिनीतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला, त्यातच कोणी नळवाहिनीला थेट मोटार लावली, आणि शेजारून मैलापाण्याची नळी जात असून मधला सांधा गळका असला, तर बाहेरचे दूषित पाणी आत ओढले जाते, आणि तेवढ्याने पाण्याचा रंग पालटेलच असे नाही. भारतीय मानक 10500 प्रमाणे उर्वरित क्लोरीन दर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावा, तो याच भयासाठी. ऑर्थोटोलिडीन या क्लोरीन तपासण्याच्या द्रव्याचे थेंब टाकताच पाण्यावर येणारी पिवळी छटा त्या रक्षकाची उपस्थिती सांगते. ती उमटली नाही, तर नितळ पाण्यावरही विश्वास ठेवू नये.

म्हणून माझी वाचकांस विनंती आहे. पहिली बादली पिण्यास घेऊ नका. ती धुण्यासाठी ठेवा. मोटार थेट नळाला न लावता खालच्या टाकीवर लावा. आणि तक्रारीचा अर्ज देताना केवळ ‘पाणी खराब येते’ एवढेच न लिहिता वेळ, रंग, पाणी वरून निवळले की बुडापासून, आणि शेजारच्या घरांत काय आढळले, हे चार तपशील अवश्य नोंदवा. त्यावरून दोष कोठे आहे हे अभियंत्यास लवकर उमगते. मॅंगनीजाचा विषय पुढील आठवड्यात घेऊ.