भिगवणचे रोहित आणि आपली मुळा-मुठा

पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण. उन्हाळ्याकडे उजनी धरणाचं पाणी ओसरू लागलं की कुंभारगाव, डिकसळच्या काठाला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, थव्यांनी दिसतात. चोच उलटी धरून उथळ पाण्यातलं खाद्य ते गाळून खातात. धरण भरलं की ही उथळ जागाच नाहीशी होते. २०२५ मध्ये मॉन्सून २६ मे रोजीच पुण्यात पोहोचला, एरवीपेक्षा जवळपास दोन आठवडे आधी. असं वारंवार झालं तर या पाहुण्यांचा मुक्काम आखडेल, अशी मला भीती वाटते. शिवाय आपल्या पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून याच उजनीत जातं! भिगवणला जरूर जा, स्थानिक मच्छीमारांचीच होडी घ्या, पण फोटोसाठी थव्याजवळ नेण्याचा आग्रह धरू नका.