दात दुखण्याआधीची भेट

दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड गच्च मिटून बसलेल्या मुलाला आपण हट्टी ठरवून मोकळे होतो. हा मुलावर अन्याय आहे. बहुतेक मुलं तिथे पहिल्यांदा पोहोचतात तीच दाढ किडून, गाल सुजून, रात्रभर रडून झाल्यावर. डोळ्यांवर झगझगीत दिवा, कर्कश आवाजाचं यंत्र, त्यात सुई. आणि सुजलेल्या हिरडीत भूलही कधीकधी नीट चढत नाही. इतकं झाल्यावर मूल पुढच्या वेळी दारातच अडून बसलं तर त्याचं काय चुकलं? मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ मध्ये भीती रुजण्याच्या तीन वाटा सांगितल्या: स्वतःला आलेला अनुभव, दुसऱ्याला घाबरलेलं पाहणं आणि कानावर पडलेल्या गोष्टी. ‘मस्ती केलीस तर डॉक्टरकाका टोचतील हं,’ असं म्हणताना तिसरी वाट आपण घरातच मोकळी करून देतो.

पण तेवढाच त्रास सोसून सगळीच माणसं घाबरट होत नाहीत. मानसशास्त्रज्ञ ग्रॅहम डेव्ही यांनी १९८९ मध्ये याचा अभ्यास केला, तेव्हा दुखऱ्या उपचाराआधी ज्यांच्या काही भेटी सुखरूप पार पडल्या होत्या, त्यांच्यात भीती टिकण्याचं प्रमाण कमी दिसलं. म्हणजे प्रश्न वेदनेइतकाच क्रमाचाही आहे. अमेरिकेतली बालदंतवैद्यांची संघटना पहिल्या वाढदिवसापर्यंत पहिली तपासणी करून घ्या म्हणते, ती मुख्यतः कीड रोखण्यासाठी; पण भीतीच्या बाबतीतही हा सल्ला मोलाचा आहे. आईच्या मांडीवर बसून डॉक्टरांनी दात मोजले, छोटा आरसा हातात दिला, एवढीच ती भेट. पुढे दात साफ करायची वेळ आली, की फिरता ब्रश आधी मुलाच्या नखावर टेकवून दाखवतात आणि मगच तोंडात नेतात. आधी सांगा, मग दाखवा, मग करा, ही पद्धत १९५९ पासून शिकवली जाते.

दुधाचे दात पडणारच, मग एवढा खटाटोप कशाला, असं विचारलं जातं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि पक्क्या दातांची जागा राखतात. तक्रार नसताना फी का भरायची, हा प्रश्न मात्र महिन्याचा हिशेब जुळवणाऱ्या घरात रास्तच आहे. तरी किडलेल्या दाढेच्या उपचारापुढे तपासणीचा खर्च बराच कमी असतो. ‘हातपाय धरले की पाच मिनिटांत काम होतं,’ हे म्हणणं मला अजिबात मान्य नाही. ओरडणाऱ्या मुलाचं तोंड हाताने दाबण्याची पद्धत त्याच अमेरिकी संघटनेने २००६ मध्ये आपल्या मार्गदर्शिकेतून काढून टाकली. चेहरा सुजून ताप चढला असेल तर थांबता येत नाही, हे खरं. अशा वेळी गुंगीचं औषध किंवा रुग्णालयात पूर्ण भूल देऊन उपचार करता येतात. काही मुलं स्वभावानेच भित्री असतात, हेही खरं. त्यांना तर अशा साध्या भेटी जास्तच हव्यात.

पालकांनी मात्र ‘अजिबात दुखणार नाही’ असं वचन देऊ नये. ते एकदा खोटं ठरलं, की पुढच्या खऱ्या शब्दावरही मूल विश्वास ठेवत नाही. ‘थोडं टोचल्यासारखं होईल, नको वाटलं तर डावा हात वर कर’ असं डॉक्टरांनी सांगावं आणि हात वर झाला की खरोखर थांबावं, मुलाने नुसतं पारखून पाहण्यासाठी तो वर केला असला तरीही.