‘मी गेले होते एकदा’: समुपदेशनाचा पहिला वाईट अनुभव आणि नंतरची टाळाटाळ

वस्तीतल्या एका अभ्यासिकेत मुलींशी ताण, झोप, परीक्षा यावर बोलत होते. समुपदेशकाचा विषय निघाला तशी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी म्हणाली, “ताई, मी गेले होते एकदा. नववीत. परत नाही जाणार.”

वर्गात तिला आडनावावरून चिडवायचे. ती शाळा बुडवू लागली, म्हणून शाळेनेच तिला समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. तिने सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “जात तूच डोक्यात घेऊन फिरतेस, म्हणून त्रास होतो.” आठवड्याभरात तिचं बोलणं वर्गशिक्षिकेकडे आणि तिथून आईकडे पोचलं. शाळेची तक्रार केलीस म्हणून घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आता ती पंचविशीला आली आहे. रात्र रात्र झोप लागत नाही, तरी मदत नको म्हणते. याला आपण अज्ञान किंवा लाज म्हणून मोकळे होतो. ते बरोबर नाही. जी कधीच गेली नाही तिला समजावता येतं. ही जाऊन आलेली आहे.

किशोरवयात मूल बहुतेक वेळा स्वतःहून समुपदेशकाकडे जात नाही, त्याला नेलं जातं. तक्रार मोठ्यांची असते, अहवालही मोठ्यांनाच जातो. अशा खोलीत विश्वास मोडला की मूल त्या एका मॅडमबद्दल मत बनवून थांबत नाही. मन उघडं केलं की ते आपल्यावरच उलटतं, एवढं ते शिकतं. पुढे हीच मुलं कॉलेजात ‘मी ठीक आहे’ म्हणण्यात तरबेज होतात. आणि गेलीच, तर जातीचा भाग गाळून उरलेलं सांगतात. मग उपचार अर्धवट माहितीवर होतो, उपयोग होत नाही आणि जुनं मत पक्कं होतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधल्या कलम 18 नुसार ही सेवा जात, धर्म, वर्ग, लिंग असा भेद न करता मिळणं हा हक्क आहे. कलम 23 गोपनीयतेचा हक्क देतं. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांना काही गोष्टी कळवाव्या लागतात हे खरं, पण काय कळवणार हे मुलाला आधी सांगायला नको का? शिवाय शाळेतले बरेच समुपदेशक या कायद्यातल्या ‘व्यावसायिक’ या व्याख्येत बसतच नाहीत. म्हणजे मुलाची पहिली भेट होते तिथेच कायद्याचा हात आखडता.

थोडं आपल्याकडेही बघू. विहारात असं मूल आलं की आपण पटकन म्हणतो, “दहा दिवसांचं शिबिर कर, मन शांत होईल.” विपश्यना केंद्रांच्या प्रवेश अर्जातच मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते, कारण गंभीर आजारावर शिबिर हा उपचार नाही असं ती केंद्रं स्वतःच सांगतात. आपण मात्र मुलाचं पूर्ण न ऐकताच सल्ला देतो. त्या मॅडमनी दुसरं काय केलं होतं?

अशा मुलांना मी ‘पुन्हा जा’ असं लगेच म्हणत नाही. आधी काय झालं ते ऐकते आणि चूक तुझी नव्हती हे स्पष्ट सांगते. मग पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न लिहून देते: मी बोललेलं कुणाला कळेल? कुठे नोंद होईल? जातीवरून झालेल्या त्रासाबद्दल बोललं तर चालेल का? उत्तर पटलं नाही तर उठून यायचं, दुसरीकडे जायचं. डॉक्टर आपण बदलतोच ना! अगदीच तातडीची वेळ असेल तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

अभ्यासिकेतल्या त्या मुलीला मी दोन नावं दिली आहेत. तिने अजून फोन केलेला नाही. मीही विचारलेलं नाही. परवा तिने एवढंच विचारलं, “त्यांना आडनाव आधीच सांगावं लागेल का?”